शाळकरी खेळाडू आणि समाजाचा आश्रय

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आजच्या मेळाव्यात दोन शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने आम्हांस केली, याबद्दल आम्ही ऋणी आहो. आम्ही जुनी अकरावी मॅट्रिक झालेले एक सामान्य शिक्षक. विद्वत्तेचा अधिकार आमच्याकडे नाही. परंतु पस्तीस वर्षे मुलांच्या सहवासात गेली, आणि त्यांतील कित्येक सायंकाळी मैदानावर शिट्टी हाती घेऊन गेल्या. त्या अनुभवाच्या बळावर एक प्रश्न आपल्यापुढे ठेवावा असे मनात आहे. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील माध्यमिक शाळांत शिकणाऱ्या खेळाडू मुलामुलींना व्यापाऱ्यांचा व संस्थांचा आश्रय मिळावा काय, आणि मोबदला म्हणून त्यांचे नाव व छायाचित्र जाहिरातीस द्यावे काय, हाच तो प्रश्न होय.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. खेळाडूस आश्रय देणे ही आजकालची पद्धत नव्हे. आपल्या गावोगावच्या जत्रांत कुस्त्यांचे फड भरत आले आहेत. कोणी नारळ देतो, कोणी फेटा बांधतो, कोणी रोख इनाम लावतो, आणि इनाम देणाऱ्याचे नाव भर मैदानात पुकारले जाते. ते नाव ऐकून देणाऱ्याची मान ताठ होते, आणि त्यात कोणास काही गैर वाटत नाही. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी तर तालमी पोसल्या आणि १९१२ साली खासबागेचे मैदान उभे केले. आज ज्यास प्रायोजक म्हणतात, तो या इनामदात्याचाच नवा अवतार आहे.

आश्रयाचे याहून उदात्त उदाहरण खाशाबा जाधवांचे. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला गेला तो कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने, आणि तेथे त्याचा सहावा क्रमांक लागला. १९५२ साली हेलसिंकीस जावयाचे, तर पुन्हा पैशांची अडचण. तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. गावकऱ्यांनीही वर्गणी गोळा केली. खाशाबांनी कांस्यपदक आणले, आणि स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले. परत आल्यावर त्यांनी कुस्त्यांची मैदाने भरवून पैसा जमविला आणि गुरुजींचे घर सोडवून दिले. ही कथा ऐकताना आपला ऊर भरून येतो. परंतु सभाजनहो, एक विचार मनात आल्यावाचून राहत नाही. मुलाने पदक आणावे म्हणून गुरूने घर गहाण टाकावे, ही गुरूची थोरवी खरी. पण त्या काळच्या समाजास ती भूषणावह होती काय?

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. बुलढाण्याच्या प्रथमेश जावकर याने २०२३ च्या मे महिन्यात शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत कंपाउंड धनुष्याच्या प्रकारात नेदरलँड्सच्या माइक श्लोसर या अग्रगण्य धनुर्धरास १४९ विरुद्ध १४८ असे एका गुणाने हरविले. त्याच वर्षी ५ ऑक्टोबर रोजी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत अभिषेक वर्मा व नागपूरचा ओजस देवतळे यांच्या जोडीने त्याने दक्षिण कोरियास २३५ विरुद्ध २३० असे नमवून सांघिक सुवर्णपदक मिळविले. त्यापूर्वी २०१९ मध्ये बुलढाणा पोलीस दलातील मोनाली जाधव यांनी चीनमधील चेंगडू येथे जागतिक पोलीस क्रीडास्पर्धेत धनुर्विद्येचे सुवर्णपदक जिंकले होते. म्हणजे आपल्या मातीत कस नाही, असे कोणी म्हणू नये. परंतु स्पर्धेच्या दर्जाच्या एका कंपाउंड धनुष्यास लाखाच्या पुढे रक्कम मोजावी लागते. कोरडवाहू कपाशी-सोयाबीनवर ज्या घराचा संसार चालतो, त्या घराने ती कोठून आणावी?

पदक मिळाल्यावर सत्काराचे फलक लागतात, शाल-श्रीफळ येते, हारांनी मान भरून जाते. अडचण त्याच्या आधीच्या वर्षांची असते. शालेय स्पर्धेची शिडी तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि राष्ट्र अशी आहे. आपल्या मुलांना विभागासाठी अमरावतीच्या विभागात झुंजावे लागते. गाडीभाडे, बूट, दूध-अंडी, चार दिवसांचा मुक्काम, इतक्या लहान खर्चापायी कित्येक मुले या शिडीच्या दुसऱ्या पायरीवरूनच खाली उतरतात. हे आम्ही ऐकीव सांगत नाही. अशा एका मुलाच्या उतरण्यास आम्ही स्वतः कारण झालो, ते आज प्रथमच चारचौघांत सांगतो.

सुमारे तीस वर्षांपूर्वी आम्ही घाटाखालच्या एका शाळेत होतो. नववीत एक मुलगा होता, वडील जिनिंगमध्ये हमाल. पंधराशे मीटर धावण्यात तो तालुक्यात पहिला आला, जिल्ह्यातही पहिला आला. गावातील एक दुकानदार आमच्याकडे आले आणि म्हणाले, “गुरुजी, पोराला काट्यांचे बूट आणि अमरावतीचा सगळा खर्च माझ्याकडून. त्यानं माझ्या दुकानाचं नाव असलेली बनियन घालावी, अन् जिंकला तर त्याचा फोटो मी दुकानात लावीन.” आम्ही ताडकन उत्तर दिले, “शाळेचे मूल म्हणजे दुकानाची पाटी नव्हे.” शिक्षकांच्या खोलीत आमच्या बाणेदारपणाची वाहवा झाली. मुलगा अमरावतीस अनवाणी धावला. तळपायाला फोड आले, चौथा आला. पुढील वर्षी तो शाळेत दिसला नाही. वडिलांबरोबर जिनिंगला जाऊ लागला होता. पुष्कळ वर्षांनी खामगावच्या बसस्थानकावर तो भेटला. पाया पडला, चहा पाजला, आणि सहज बोलावे तसा बोलला, “गुरुजी, त्या वेळी तुम्ही माझ्या बापाला एकदा विचारायचं होतं.”

बंधुभगिनींनो, त्या वाक्याचे उत्तर आम्हांस आजतागायत सापडलेले नाही. तत्त्व आमचे होते, पाय त्याचे होते. दुकानदाराचा हेतू वाईट नव्हता. अटी तपासून, वडिलांस विचारून, चार गोष्टी कागदावर लिहून ते साहाय्य घेता आले असते. आम्ही तो विचार केला नाही, कारण नकार देणे सोपे होते.

तथापि याचा अर्थ कोणीही यावे आणि मुलाच्या छातीवर आपले नाव छापावे, असा नव्हे. यात दोन गोष्टी वेगळ्या ओळखल्या पाहिजेत. एखाद्याने बूट दिले आणि सदऱ्यावर नाव छापले, हा आश्रय होय. परंतु “ही भुकटी खाऊन मी जिंकलो” असे मुलाच्या तोंडून वदविणे, ही शिफारस होय. पहिली गोष्ट विवेकाने स्वीकारता येते. दुसरीबाबत फार सावध राहिले पाहिजे. २०२२ साली केंद्र शासनाने जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. शिफारस करणाराचे मत प्रामाणिक असावे आणि जाहिरातदाराशी त्याचा काही लाभाचा संबंध असल्यास तो उघड करावा, असे त्यांत सांगितले आहे. ज्या वस्तूंबद्दल आपणांस अनुभव नाही, त्यांची ग्वाही मुलाने देऊ नये, हे तर आपल्या घरचे शिक्षण आहे.

अमेरिकेत २०२१ पासून महाविद्यालयीन खेळाडूंना आपल्या नावाचे व छायाचित्राचे पैसे घेण्याची मुभा मिळाली, आणि पाठोपाठ अनेक राज्यांत माध्यमिक शाळांतील मुलांनाही ती मिळाली. परंतु तेथेही शाळेचे नाव, चिन्ह व गणवेश जाहिरातीत वापरू नये, अशी अट सामान्यतः असते. ही अट आपणही घ्यावी. मूल घराचे आहे, गणवेश शाळेचा आहे.

कायद्याचीही एक गोष्ट प्रत्येक पालकाने ध्यानात ठेवावी. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील मुलास करार करता येत नाही, आणि १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलने मोहोरीबीबीच्या खटल्यात अज्ञानाने केलेला करार मुळातच निरर्थक ठरविला. सबब दहावीतल्या मुलाची सही घेऊन कोणी कागद नेला, तर त्या सहीने मूल बांधले जात नाही. पण भोळे पालक कोऱ्या कागदावर सही करतात, आणि फसतात ते येथेच. म्हणून आमच्या अल्पमतीप्रमाणे पाच नियम असावेत.

पहिला, कागद मराठीत असावा, आईवडिलांनी तो वाचून सही करावी, आणि एक प्रत घरी ठेवावी. दुसरा, मुदत एक वर्षाची असावी. मूल हरले तर दिलेले परत मागण्याची अट नसावी. तिसरा, साहाय्य शक्यतो वस्तुरूपाने द्यावे, आणि रोख रक्कम असल्यास ती मुलाच्या बँकखात्यातच जावी. चौथा, परीक्षेच्या काळात कोणत्याही दुकानाच्या उद्घाटनास मुलास बोलावू नये. पाचवा, तंबाखू, मद्य आणि पैसे लावून खेळावयाचे खेळ यांचा पैसा घेऊ नये. शक्तिवर्धक भुकट्यांचाही घेऊ नये, कारण त्यांत निषिद्ध द्रव्य निघाले तर बंदी कंपनीवर येत नाही, खेळाडूवर येते.

आता देणारे कोण, हा प्रश्न राहिला. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांस सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करणे भाग आहे, आणि त्या कार्यांच्या यादीत ग्रामीण व ऑलिंपिक खेळांचे प्रशिक्षण स्पष्ट लिहिलेले आहे. केंद्राच्या खेलो इंडिया योजनेत निवडलेल्या खेळाडूस दरमहा दहा हजार रुपये हातखर्च देण्याची तरतूद झाली. परंतु या दोन्ही गोष्टी मूल वर आल्यावर त्याच्याकडे पाहतात. मूल तालुक्यात असते तेव्हा त्याला पाहणारा कृषी केंद्राचा मालक असतो, खामगावचा चांदीचा व्यापारी असतो, पतसंस्थेचा संचालक असतो. आणि येथे आम्ही आपल्या हातातील या स्मरणिकेकडे आपले लक्ष वेधतो. ही स्मरणिका जाहिरातींवर निघते. पानभर जाहिरात देणारा बांधव वर्षातून एकदा आपले नाव छापून पाहतो. त्याच बांधवास मंडळाने विचारावे, “अर्धे पान स्मरणिकेत घ्या, अर्धे एका धावणाऱ्या मुलीच्या सदऱ्यावर घ्या.” मेळाव्यातील शाली आणि श्रीफळे निम्मी केली, तरी त्या पैशांत दोन-चार मुलांचे बूट होतील.

शेवटी एक नाजूक गोष्ट. मंडळाचा निधी आपल्या ज्ञातीच्या मुलांसाठी आहे, असे काही ज्येष्ठ म्हणतील, आणि त्यांचे म्हणणे आम्ही समजू शकतो. परंतु कबड्डीच्या संघात सात मुले असतात आणि ती सात घरची असतात. सातांपैकी दोघांना बूट देऊन पाचांना अनवाणी उभे करणारा खेळाडूंचा हितचिंतक कसा? आपल्या मुलास साहाय्य करताना त्याच्या संघास करावे, एवढीच आमची विनंती.

अध्यक्षमहाराज, वेळ फार घेतला. एका मुलाच्या वडिलांस विचारावयाचे आम्हांकडून राहून गेले. मंडळाने यापुढे प्रत्येक तालुक्यातील शाळांत जाऊन असे वडील आणि अशा माता शोधाव्यात आणि त्यांस विचारावे, एवढे मागून आम्ही आपली रजा घेतो.