श्वासाची शिल्लक
(ज्ञातिसभेच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



सोन्यातील गुंजभर तूटही आपल्या नजरेतून सुटत नाही. पण ज्या श्वासाने आपल्या वाडवडिलांनी बागेसरीतील निखारा फुलविला, तो श्वास आपण कधी मोजला आहे काय? आज त्याच्याच हिशेबाविषयी चार शब्द बोलावेत, अशी आमची इच्छा आहे.

स्वस्थ बसलेला प्रौढ पुरुष एका श्वासाबरोबर सुमारे ५०० मिलिलिटर हवा आत घेतो. त्यावर जोर करून तो आणखी सुमारे ३,००० मिलिलिटर आत ओढू शकतो. आणि साधा श्वास सोडून झाल्यावर नेटाने फुंकले, तर आणखी ११०० मिलिलिटर बाहेर टाकू शकतो. ही बेरीज ४,६०० मिलिलिटर झाली. स्त्रियांत ती साधारण पाऊणपट असते. वय आणि उंची यांप्रमाणेही ती बदलते. एवढे करूनही फुप्फुसांत सुमारे १,२०० मिलिलिटर हवा उरतेच. ही अवशिष्ट हवा कितीही जोर केला तरी निघत नाही. तिच्यामुळे वायुकोश मिटून जात नाहीत.

हा हिशेब प्रथम पद्धतशीर मांडला तो जॉन हचिन्सन या इंग्रज वैद्याने. पाण्यावर तरंगणाऱ्या घंटेच्या यंत्रात त्याने दोन हजारांहून अधिक माणसांचा श्वास मोजला व १८४६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. उंचीबरोबर ही शक्ती वाढते आणि क्षयाच्या रोग्यांत ती घटते, असे त्याला आढळले.

श्वास किती घेतो, याइतकेच तो कसा घेतो यालाही महत्त्व आहे. प्रत्येक श्वासातील सुमारे १५० मिलिलिटर हवा श्वासनलिकांतच राहते. रक्ताला तिचा उपयोग नाही. मिनिटाला ५०० मिलिलिटरचे १२ श्वास घेतले, तर एकूण ६ लिटर हवेपैकी ४.२ लिटर कामी येते. तीच ६ लिटर हवा २५० मिलिलिटरच्या २४ उथळ श्वासांनी घेतली, तर केवळ २.४ लिटर! संथ, खोल श्वासाची थोरवी या साध्या गणितात आहे.

आता मुख्य मुद्दा. बैठ्या कामाला एकूण शक्तीचा जेमतेम नववा हिस्सा पुरतो. म्हणून शिल्लक निम्मी सरली, तरी पाटावर बसलेल्या कारागिराला त्याचा पत्ता लागत नाही. जिना चढताना धाप लागते, तेव्हा तो म्हणतो, "वय झाले!" पुष्कळदा ते वय नसते, तो धंद्याचा धूर असतो. केडीएम दागिन्यांच्या डाकात कॅडमियम असे. त्याची वाफ वर्षानुवर्षे छातीत गेल्यास वायुकोशांच्या भिंती विरतात, अवशिष्ट हवा फुगत जाते आणि कामाच्या श्वासाला जागाच उरत नाही. तेजाबाचा पिवळसर तांबूस धूरही असाच घातक. त्याचा परिणाम कित्येकदा काही तासांनंतर दिसतो. त्यात विडीची भर पडली, तर नुकसान दुणावते.

विरलेला वायुकोश कोणत्याही औषधाने पुन्हा बांधता येत नाही. म्हणून आमची विनंती अशी की, कॅडमियमविरहित डाक वापरावा. धूर बाहेर ओढून नेणारा पंखा बसवावा. तेजाबाचे काम बंद खोलीत करू नये. आणि चाळिशी उलटलेल्या प्रत्येक कारागिराने वर्षातून एकदा श्वासमापन करून घ्यावे. खोल श्वास भरून एकदम जोराने सोडायचा, एवढीच ती परीक्षा. निरोगी प्रौढ माणूस त्यातील सात-दशांशाहून अधिक हवा पहिल्या सेकंदातच बाहेर टाकतो. याहून कमी निघाली, तर नलिका अरुंद झाल्या असे समजून वैद्यकीय सल्ला घ्यावा.

भगिनींनो, घरधनी जिन्यावर थबकू लागले, तर ही गोष्ट प्रथम तुमच्याच ध्यानात येईल. ती हसण्यावारी नेऊ नका. तिजोरीतील शिल्लक पुन्हा भरता येते. ही शिल्लक वेळीच राखावी लागते.