गलबताची पारख



आमचं पिंपळगाव बसवंत मुंबई-आग्रा रस्त्यावरचं, कांद्याद्राक्षांचं गाव. इथल्या मास्तरानं शिडाच्या होडीची पारख सांगावी याचं तुम्हांला नवल वाटेल. पण माझ्या वर्गातल्या एका शेतकऱ्याच्या मुलानं मला प्रश्न घातला, "सर, सुहैली एवढी संथ, मग ती पृथ्वीला फेरा घालून पहिली कशी आली?" आजचं बोलणं त्या प्रश्नाच्या उत्तरादाखल आहे.

सुहैली ही आपल्या मुंबईची. कुलाब्याला सागवानी लाकडात ती बांधली आणि १९६४ च्या डिसेंबरात पाण्यात सोडली. लांबी ३२ फूट, रुंदी ११ फूट, डोलकाठ्या दोन. वाकस आणि हातानं फिरवायचं गिरमिट, अशा अवजारांनी आपल्या सुतारांनी ती घडवली. आखाती अरब खलाशी आग्नेयेच्या वाऱ्याला सुहैली म्हणतात, त्यावरून हे नाव पडलं. तिचे मालक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १४ जून १९६८ रोजी इंग्लंडातल्या फाल्मथहून एकटेच निघाले आणि कुठंही न थांबता, ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी तिथंच परतले. असा प्रवास त्यापूर्वी कुणीच केला नव्हता. शर्यतीत माणसं उतरली होती नऊ. फेरा पुरा केला तो यांनी एकट्यांनी.

आता तिची पारख करू. आपण बैल घेताना काय पाहतो? खिलार चपळ खरा. पण इगतपुरीकडच्या मुसळधार पावसात, भाताच्या चिखलात डांगीच हवा. काम कोणतं ते आधी, मग जनावर. होडीचंही तसंच आहे.

सुहैलीच्या तळाचा कणा लांब आणि वजनदार. त्यामुळं ती आपली दिशा सहसा सोडत नाही; एकट्या माणसाला घटकाभर झोप मिळते. पुढच्या टोकासारखं तिचं मागचं टोकही निमुळतं. पाठीमागून डोंगराएवढी लाट आली, तर ती तिथं दुभंगून दोहों बाजूंनी निघून जाते. भर समुद्रात हे गुण लाखमोलाचे.

पण हेच गुण किनाऱ्याला अडचणीचे होतात. लांब कण्याची होडी चटकन वळत नाही. तिला साडेपाच फूट पाणी लागतं. कोकणातल्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा असला, तर भरतीची वाट पाहत बसावं लागेल. समोरचा वारा कापत जाणंही तिला जड जातं. तिथं उथळ तळाचा मचवाच बरा.

आणि सुहैली निर्दोष होती असंही नाही. वाटेत फळ्यांच्या सांध्यांतून पाणी शिरू लागलं. नॉक्स-जॉन्स्टन यांनी समुद्रात बुडी मारून सांध्यांत कापूस ठासला. आपोआप दिशा राखणारं यंत्र मोडलं, बिनतारी संदेशयंत्र बंद पडलं. म्हणून पारखीचा मोठा प्रश्न मोडणार नाही ना, हा नव्हे. मोडलं तर मला एकट्याला, हाताशी असलेल्या सामानात, दुरुस्त करता येईल ना, हा आहे. विहिरीवरचं इंजिन घेतानाही शहाणा शेतकरी हेच विचारतो.

यशाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्या शर्यतीतला एक वेगवान गडी, बर्नार्ड म्वातेसिए, आपण होऊन शर्यत सोडून गेला; तो परतता, तर निकाल कदाचित निराळा लागता. पुढं सुहैलीच्याच आराखड्यावर गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात 'थुरिया' बांधली गेली. ती घेऊन नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी २०१८ च्या शर्यतीत उतरले. सप्टेंबरात दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळानं ती उलटीपालटी केली, डोलकाठी मोडली, टॉमींच्या पाठीला जबर इजा झाली. तरी होडी बुडाली नाही. मदत येईतो तीन दिवस ते तिच्यातच पडून होते. वादळावर मात करील अशी होडी कुणी बांधलेली नाही; माणसाला तोवर पाण्यावर धरून ठेवील अशी मात्र बांधता येते.

त्या मुलाला मी एवढंच म्हणालो, "बाबा, संथ असूनही पहिली आली असं म्हणू नकोस. ती शेवटपर्यंत टिकली, म्हणून पहिली आली." जगाला कप्तानाचं नाव ठाऊक आहे. कुलाब्याला त्या फळ्या तासणाऱ्या हातांची आठवण तुम्हीआम्ही ठेवू या.