ब्रेक कमी लागतो म्हणजे नेमकं काय?
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



भावाबद्दल बोलणारे आज पुष्कळ आहेत. मी गाडीच्या ब्रेकबद्दल बोलणार आहे. कापूस जिनिंगच्या दारात सुखरूप पोचला तर पुढे भावाचं बोलणं.

आपल्याकडे कापूस, कडबा, ज्वारीची पोती वाहणारी गाडी कोणती? शहरातल्या ट्रान्सपोर्टवाल्यानं पंधरा वर्षं पिळून विकलेली. दोघा-तिघा भावांनी मिळून घेतलेली. तिचा ब्रेक कमी लागतो हे साऱ्या गावाला ठाऊक असतं, आणि तरी गठ्ठ्यांवर वेचणीच्या बाया बसतात.

मग मिस्त्रीकडे न्यायची. तो म्हणतो, "लायनर गेलं." आपण मान डोलवतो. खरेदी केंद्रावर ग्रेडरनं बोटानं कापूस चिवडून प्रत सांगितली की डोलवायचो, तशीच. लायनर बदलतं, पैसे जातात, ब्रेक तसाच. कारण पाय दाबल्यापासून चाक थांबेपर्यंत लांब साखळी आहे: पॅडल, बूस्टर, मास्टर सिलिंडर, पाइप, व्हील सिलिंडर, लायनर, ड्रम. कोणती कडी कच्ची आहे ते पॅडल स्वतः सांगतं. ते ऐकायला पैसे पडत नाहीत.

१९८६ साली आलेल्या टाटा ४०७ च्या जातीच्या, ऑइल ब्रेक आणि बूस्टर असलेल्या जुन्या गाड्यांचं सांगतो. गाडी सपाटीवर उभी करा, चाकांना दगड लावा, इंजिन बंद. पॅडल चार-पाच वेळा दाबा, म्हणजे बूस्टरमधली ओढ संपते आणि पॅडल कडक होतं. आता पाय दाबून ठेवा आणि इंजिन सुरू करा. पॅडल पायाखाली थोडं खाली गेलं पाहिजे. गेलं, तर बूस्टर काम करतोय. जागचं हललं नाही, तर लायनर बदलून उपयोग नाही. डिझेल इंजिनाला बूस्टरपुरती ओढ स्वतःची नसते. ती बहुतेक अल्टरनेटरला जोडलेल्या व्हॅक्यूम पंपातून येते. तिथून बूस्टरकडे जाणारी रबरी नळी आधी बघा. तडकलेली असते, आतून चिकटलेली असते, क्लिप ढिली असते. मग पंप, शेवटी बूस्टर. स्वस्त ते आधी. मिस्त्रीचा क्रम उलटा असतो हे सांगायला नको.

आणि उतारावर डिझेल वाचवायला इंजिन बंद करून गाडी सोडणारे इथे समोर बसलेत! इंजिन बंद म्हणजे पंप बंद. दोन-चार दाबात बूस्टर रिकामा, आणि मग दोन्ही पायांनी उभं राहिलात तरी भरलेली गाडी ऐकत नाही. वाचलेलं डिझेल लिटरभर.

दुसरी परीक्षा. इंजिन चालू ठेवून पॅडल मिनिटभर सारखं दाबून धरा. हळूहळू खाली बसतंय? ब्रेक ऑइलची बाटली बघा. ऑइल कमी होत असेल तर बाहेर गळतंय. चाकांच्या आतल्या अंगाला आणि पाइपच्या जोडांवर ओल शोधा. कुठेच ओल नाही तरी ऑइल कमी होतंय, तर ते मास्टर सिलिंडरच्या मागून बूस्टरमध्ये जात असणार. ऑइल कमीच होत नाही पण पॅडल बसतं, तर मास्टर सिलिंडरचं आतलं रबर गेलं. पॅडल स्पंजासारखं लागलं तर लाइनमध्ये हवा आहे. पहिल्या दाबाला खोल आणि लगेच दुसऱ्या दाबाला वर येऊन कडक झालं, तर शू ड्रमपासून लांब गेलेत. आधी अॅडजस्ट करा. बाटलीत इंजिन ऑइल चुकूनही घालू नका, सगळी रबरं फुगतात.

पॅडल वर आहे, कडक आहे, बूस्टर चांगला, तरी गाडी थांबत नाही? तेव्हा ड्रम उघडा. लायनर काचेसारखं चकाकत असेल किंवा तेलानं भिजलेलं असेल. भिजलेलं लायनर पेट्रोलनं पुसून परत बसवतात. ते काही खरं नाही. आधी हबचं सील किंवा व्हील सिलिंडर दुरुस्त करा, मग दोन्ही बाजूंचं लायनर बदला. ब्रेक मारताना गाडी डावीकडे ओढत असेल तर दोष बहुधा उजव्या चाकात आहे. ते धरत नाही म्हणून डावं ओढतं. ड्रममधली धूळ हवेनं किंवा तोंडानं फुंकू नका. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असतं, ते फुफ्फुसात जाऊन बसतं. ओल्या फडक्यानं पुसा. क्लीनरचं पोरगं असेल तर त्याला आधी सांगा.

आता सगळ्यात फसवा दोष. मांजरसुंब्याच्या घाटासारख्या उतारावर पॅडल एकदम तळाला जातं, आणि सकाळी गार गाडी मिस्त्रीला दाखवली तर ब्रेक उत्तम! ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पितं. डॉट ३ जातीचं नवं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी प्यायलेलं १४० च्या आसपास उकळतं. ड्रम तापले की पाइपात वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, ऑइलसारखा जोर पुढे देत नाही. दोन वर्षांत ऑइल पूर्ण बदला. पॅडल तळाला न जाता कडक राहिलं आणि जळका वास आला, तर ऑइलचा दोष नाही, लायनर तापून घसरतंय. घाट ज्या गिअरमध्ये चढलात, त्याच किंवा खालच्या गिअरमध्ये उतरा.

मोठ्या ट्रकच्या हवेच्या ब्रेकचं वेगळं. टाकीतलं पाणी रोज काढा. काटा पूर्ण प्रेशर दाखवतो आणि तरी ब्रेक कमी, तर चाकाजवळच्या चेंबरची दांडी बघा. खडूनं खूण करा, दुसऱ्याला पॅडल दाबायला सांगा. दांडी फार लांब बाहेर आली तर चेंबरचा पल्ला तिथेच संपतो, जोर शूपर्यंत जातच नाही. स्लॅक अॅडजस्टर आवळून सगळ्या चाकांचा पल्ला सारखा करा.

मंडपाबाहेर सात-आठ गाड्या उभ्या आहेत. जेवणानंतर मी तिथे थांबतो. बूस्टरची परीक्षा दोन मिनिटांची आहे, ज्यांना करून बघायची त्यांनी चाकाला लावायला दगड तेवढे आणावेत.