मूळ नकाशे कोणाचे?



जुन्या वास्तूंच्या जतनाची चर्चा आपल्याकडे बहुधा दगड, विटा, चुना आणि काँक्रीट यांच्याभोवती फिरते. ज्या कागदांवरून ती वास्तू उभी राहिली, त्या कागदांचे पुढे काय झाले हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. दुरुस्तीची वेळ आली म्हणजे मात्र तो टाळता येत नाही. तुळईत गज किती व कोठे आहेत, पाया किती खोल आहे, गच्चीवरचे पाणी भिंतीतील कोणत्या नळाने खाली उतरते, हे बाहेरून पाहणाऱ्यास कळत नाही. मूळ नकाशे हाताशी असले तर अभियंत्याची तपासणी त्यांच्या आधाराने सुरू होते. नसले तर ठिकठिकाणी गिलावा फोडून आणि नमुने काढून तीच माहिती नव्याने मिळवावी लागते. मुंबईत ३० वर्षे पूर्ण झालेल्या इमारतींची संरचनात्मक तपासणी कायद्याने आवश्यक आहे. तेव्हा हा प्रश्न केवळ इतिहाससंशोधकांचा नाही. त्या इमारतींत राहणाऱ्यांच्या सुरक्षिततेचाही आहे.

‘नकाशे कोणाचे?’ असे आपण विचारतो तेव्हा त्यात तीन वेगळे प्रश्न मिसळलेले असतात. कागद कोणाच्या मालकीचा? त्यावरील रचनेची नक्कल करण्याचा हक्क कोणाचा? आणि त्यात नोंदलेली माहिती मिळण्याचा अधिकार कोणाला? या तीन प्रश्नांची उत्तरे एकच असतील असे नाही.

१९५७ च्या स्वामित्वहक्क अधिनियमानुसार वास्तुविशारदाची आरेखने ही कलाकृती मानली जातात. सामान्यतः रचनाकार हाच त्यांच्या स्वामित्वहक्काचा पहिला धनी असतो आणि तो हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. वेगळा करार नसेल तर पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा हक्क मालकाकडे, आणि शासनाच्या निर्देशाखाली केलेल्या कामाचा शासनाकडे जातो. परंतु घर बांधवून घेणाऱ्याने मोबदला दिला, एवढ्यावरून हा हक्क त्याच्याकडे येत नाही. कागदाची मालकी कोणाची, हे बहुतेक वेळा करारातील शब्दांवर अवलंबून असते. आणि जुन्या वास्तूंच्या बाबतीत तो करारच सापडत नाही.

याच अधिनियमात फारसे चर्चिले न जाणारे एक कलम आहे. मूळ बांधकाम हक्कधारकाच्या संमतीने झालेले असेल, तर त्याच नकाशांनुसार त्या वास्तूची पुनर्बांधणी करणे हा स्वामित्वहक्काचा भंग ठरत नाही. ही तरतूद उदार आहे. परंतु ज्याच्या कपाटात ते नकाशे आहेत, त्याने ते बाहेर काढून दाखवावेत, असे बंधन ती घालत नाही. नकाशे वापरण्याची मुभा आहे, पण ते मिळण्याची हमी नाही. सारी अडचण या ठिकाणी आहे.

रचनाकाराचा हक्क किती दूर जातो, हे दिल्लीच्या एका उदाहरणावरून दिसते. प्रगती मैदानावरील ‘हॉल ऑफ नेशन्स’ हे १९७२ चे भव्य काँक्रीटचे प्रदर्शनगृह राज रेवाल यांनी योजिले होते. महेंद्र राज हे त्याचे संरचना अभियंते होते. एप्रिल २०१७ मध्ये ते पाडण्यात आले. रेवाल यांनी न्याय मागितला; परंतु आपली वास्तू पाडण्याच्या मालकाच्या अधिकाराला रचनाकाराचा हक्क अडवू शकत नाही, असा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला. म्हणजे वास्तू राखणे रचनाकाराच्या हाती नाही, आणि नकाशे मिळवणे मालकाच्या हाती नाही. वास्तू पडल्यावर तर तिच्याविषयीचे ज्ञान आरेखनांत आणि छायाचित्रांतच उरते.

दुसरे उदाहरण अहमदाबादचे. तेथील भारतीय व्यवस्थापन संस्थेच्या वास्तूंचे रचनाकार लुई कान १९७४ मध्ये अहमदाबादहून परतत असता न्यूयॉर्क येथे मरण पावले. त्यांच्या कार्यालयावर मोठे कर्ज होते. त्यांची आरेखने विखुरली जाऊ नयेत म्हणून पेनसिल्व्हेनिया राज्याने तो संग्रह विकत घेतला आणि तेथील विद्यापीठाच्या स्वाधीन केला. अहमदाबादच्या वास्तूंच्या अभ्यासासाठीही आज त्या दूरच्या शहराकडे वळावे लागते; पण तो संग्रह एकत्र राहिला आणि अभ्यासकांना खुला झाला, हे महत्त्वाचे. २००१ च्या भूकंपात या वास्तूंना इजा पोहोचली होती. डिसेंबर २०२० मध्ये संस्थेने १८ वसतिगृहांपैकी १४ पाडण्याचा विचार जाहीर केला आणि तीव्र विरोधानंतर काही दिवसांतच तो मागे घेतला. नोव्हेंबर २०२२ मध्ये काही इमारती नव्याने बांधण्याची आवश्यकता तिने पुन्हा प्रतिपादिली. वास्तू दुरुस्त होऊ शकते की नाही, हा वाद केवळ भावनेने सुटत नाही. मूळ आरेखने दोन्ही पक्षांसमोर असतील तरच त्याचा निवाडा पुराव्यावर होऊ शकतो.

यावर वास्तुविशारदांचा आक्षेप असतो, आणि तो रास्त आहे. नकाशे एकदा हातचे गेले की त्यांवरून परस्पर दुसरी इमारत उभी राहील. कोणी चुकीचा फेरफार केला तर दोष मूळ रचनाकारावर येईल. सार्वजनिक कार्यालयांचीही अडचण आहे. २००५ च्या माहिती अधिकार अधिनियमात सुरक्षेच्या कारणास्तव, तसेच खासगी व्यक्तीच्या स्वामित्वहक्काचा भंग होत असल्यास, माहिती नाकारता येते. कारागृहाचा किंवा कोषागाराचा अंतर्गत नकाशा मागेल त्याला द्यावा, असे कोणी म्हणणार नाही. परंतु या कारणांचा आधार घेऊन शंभर वर्षांपूर्वीच्या नगरभवनाचा दर्शनी नकाशाही बंद ठेवला जाऊ नये.

मार्ग आहे, आणि तो साधा आहे. २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाने नव्या गृहप्रकल्पांचे नकाशे रहिवाशांच्या संघाकडे सोपवण्याचे बंधन विकासकावर घातले. तेच तत्त्व जुन्या वास्तूंना लावता येईल. मूळ कागद रचनाकाराकडे किंवा अभिलेखागारात राहो; त्याची एक प्रत मात्र वास्तूपाशी राहावी. ती दुरुस्तीसाठी वापरता यावी, दुसऱ्या बांधकामासाठी नव्हे. तीवर रचनाकाराचे नाव असावे, आणि प्रत्यक्ष बांधताना झालेले बदल नोंदलेले असावेत. वास्तुविशारदाचे कार्यालय बंद होताना त्याच्या वारसांनी तेथील कागद रद्दीत घालण्यापूर्वी एखाद्या ग्रंथालयास किंवा वास्तुकला महाविद्यालयास विचारावे, आणि त्या संस्थांनी ते स्वीकारण्याची तयारी ठेवावी.

ट्रेसिंगचा कागद ठिसूळ होतो, निळ्या प्रती उजेडात फिकट होतात, वाळवी आणि दमट हवा यांना स्वामित्वहक्क ठाऊक नसतो. मालकी कोणाची याचा निर्णय न्यायालये सावकाश करोत. तोवर निदान नकाशांच्या प्रती काढून ठेवण्याचे काम आपण आजच हाती घेऊ शकतो, एवढेच माझे सांगणे आहे.