एकशिपीच्या शोधात
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आमच्या चिटणीसांनी आम्हांस 'आपली खाद्यपरंपरा' हा विषय सुचविला. विषय थोर खरा, पण तो पेलावयास पंडित हवा. आम्ही जन्मभर मराठी शाळेत अंकगणित आणि व्याकरण शिकविले. तेव्हा परंपरेचा सागर ओलांडण्याच्या भरीस न पडता त्यातील एकच पदार्थ, आणि त्याच्या पाठीमागे आम्ही पाच स्नेह्यांनी घालविलेला एक दिवस, एवढ्यापुरतेच बोलण्याची अनुज्ञा असावी.

तो पदार्थ म्हणजे तिसऱ्यांची एकशिपी. कोणी तिसऱ्या म्हणतो, कोणी शिंपल्या, कोणी शिवल्या, कोणी मुळे. गावागणिक नाव फिरते आणि प्रत्येकाला आपलेच नाव खरे वाटते. तिसरीला दोन शिंपा असतात. कच्ची असतानाच ती विळीवर उघडावयाची, मांस एका शिंपेत गोळा करावयाचे आणि दुसरी रिकामी शिंप टाकून द्यावयाची, म्हणून ती एकशिपी. उघडताना जे पाणी निघते ते फेकावयाचे नसते. ते निवळू द्यावे, तळाची वाळू मागे ठेवून वरचे पाणी रश्श्यात घालावे. त्यात समुद्राचे मीठ असतेच, म्हणून वरून मीठ बेतानेच. भाजलेल्या कांदाखोबऱ्याचे वाटण, तिखट, दोनचार आमसुले, आणि वाटण शिजून आल्यावर अगदी शेवटी तिसऱ्या. त्यांना चुलीवर फार वेळ ठेवले की मांसाचे रबर होते. कृती सांगावयास एक मिनिट पुरले; करावयास किती लागते ते पुढे येईलच.

आम्हां पाच जणांत एक टपाल खात्यातून निवृत्त झालेले, एक एस. टी.चे, एक बँकेतले, एक दवाखान्यात कंपाउंडर होते, आणि पाचवे आम्ही. सर्वांची वये साठीच्या पुढची, सर्वांच्या माता दिवंगत, आणि गेल्या कित्येक वर्षांत कोणाच्याही ताटात एकशिपी पडलेली नाही. गप्पांत एकदा हा विषय निघाला आणि रत्नागिरीस जाण्याचा बेत ठरला.

बेत ठरला, पण दिवस ठरेना. आपल्या लोकांत मत्स्याहाराचा दिवस ठरविणे हे लग्नाचा मुहूर्त काढण्याइतकेच बिकट कार्य आहे. टपालवाल्यांचा सोमवार शंकराचा, बँकवाल्यांचा गुरुवार दत्ताचा, कंपाउंडरांचा शनिवार मारुतीचा, एस. टी.वाल्यांचा मंगळवार गणपतीचा. उरले रविवार, बुधवार आणि शुक्रवार. त्यांतून रविवार नातवंडांनी बळकावलेला. शिवाय तिसऱ्या पंचांग पाहून मिळतात. मोठी ओहोटी लागली तरच खाडीचे तळ उघडे पडतात, आणि मोठी ओहोटी पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास दोनतीन दिवसच लागते. येथे कोकणातला जुना हिशेब उपयोगी पडला. तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची वेळ निघते. तिच्या सहा तास आधी ओहोटी. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज जवळजवळ पाऊण तास पुढे सरकते, एवढेच यातले इंगित. हिशेब स्थूल आहे, परंतु मासेमारी करणाऱ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या त्यावर निभावल्या आहेत. द्वितीयेची पाऊणपट दीड. दुपारी दीडला भरती, सकाळी साडेसातला ओहोटी. २०२५ साली माघ वद्य द्वितीया शुक्रवारी आली. चंद्र, वार आणि पाच पेन्शनर यांचे एकमत होण्याचा असा योग दुर्मिळच म्हणावयाचा.

कोकणकन्या गाडीने पहाटे रत्नागिरीस उतरून सातच्या सुमारास आम्ही भाट्याच्या पुलावर उभे होतो. उजव्या हाताला खाडीचे मुख आणि पलीकडे समुद्र, डाव्या हाताला काजळी नदीचे पात्र, मागे टेकडीवर ब्रह्मदेशच्या थिबा राजासाठी १९१० साली बांधलेला राजवाडा. परमुलखात राहावे लागलेल्या त्या राजाला हेच पाणी खिडकीतून दिसत असणार. आमचे लक्ष मात्र खाली होते. पाणी उतरले होते, करड्या चिखलवाळूचे पट्टे उघडे पडले होते आणि त्यांवर पंधरावीस बायका कमरेत वाकून बोटांनी वाळू चाळीत होत्या. तिसरी वाळूत चारदोन बोटे खोल रुतून बसते आणि श्वासोच्छ्वासासाठी व अन्नासाठी दोन बारीक नळ्या वर काढून ठेवते. त्या नळ्यांची खूण वाळूवर उमटते आणि सरावलेल्या डोळ्यांना ती दिसते. आम्हांला अर्धा तास पाहूनही एक खूण दिसली नाही. तिसरी पाणी गाळून त्यातले सूक्ष्म अन्न खाते. म्हणजे खाडीत झाडलोट करणारी ही बिनपगारी नोकरच. चांगल्या ओहोटीला दोनतीन तास मिळतात, तेवढ्यात पाटी भरली पाहिजे. पाणी घड्याळाप्रमाणे परतते, ते कोणासाठी थांबत नाही.

यानंतर आम्ही गावात भोजनालयांचा शोध घेतला. त्यांची नावे सांगण्याचे प्रयोजन नाही. पहिल्या ठिकाणी सांगण्यात आले की थाळी सुरमईची, पापलेटाची किंवा कोळंबीची. पापलेटाबद्दल आमचे काही म्हणणे नाही. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने चंदेरी पापलेटाला राज्यमाशाचा मान दिला, तो त्याला शोभतोही. पण तिसऱ्यांना तेथे कोणी विचारीत नव्हते. दुसऱ्या ठिकाणी "तिसऱ्या मसाला आहे" असे उत्तर मिळाले आणि आमच्या टपालवाल्यांच्या चेहऱ्यावर मनिऑर्डर आल्याचा आनंद उमटला. बशी आली. दोन्ही शिंपा तशाच; उकळून उघडलेल्या, वर तांबडाभडक रस्सा. बशी भरलेली दिसे खरी, पण भरली होती ती कवचांनी. मांस रबरासारखे, आणि तिसऱ्या घासाला बँकवाल्यांच्या दाताखाली वाळूचा खडा करकरला. मालक सभ्य गृहस्थ होता. आम्ही एकशिपीचे नाव काढताच तो हसला आणि म्हणाला, "काका, ती मला पण आवडते. पण उघडायला माणूस बसवला तर मी बशीला किती पैसे लावू?" या प्रश्नाला आमच्या अंकगणितातही उत्तर नव्हते.

आम्ही परत बाजार गाठला. बहुतेक विक्री आटोपली होती. एक वृद्ध बाई तेवढी दोन वाटे पुढ्यात घेऊन बसली होती. एक वाटा मोठ्या तिसऱ्यांचा, लहानसा. दुसरा बारीक तिसऱ्यांचा, चांगला ढीग. मोठ्या वाट्याचा भाव ऐकून कंपाउंडरांनी सवयीने घासाघीस आरंभिली. बाई शांतपणे म्हणाली, "बाबानू, माझी आय अर्ध्या सुकतीत पाटी भरून वर यायची. मी सगळी सुकती वाकते नि अर्धी पाटी होते. मोठी हवी तर तिला मोठी व्हायला ठेवतंय कोण? आज मी सोडली तर उद्या दुसरी उचलते." ओहोटीला तिकडे सुकती म्हणतात. या चार वाक्यांपुढे कंपाउंडरांनी पाकीट काढले. तिसऱ्या आदल्या दिवशीच्या होत्या, रात्रभर खाडीच्या पाण्यात ठेवून वाळू टाकवलेल्या. तिने निवडून दिल्या; ज्या उघड्या होत्या त्यांवर नखाने टिचकी मारी, मिटली तर ठेवी, न मिटली तर फेकी. शिंपा मिटून धरतात ते आतले स्नायू. जीव गेला की ते सैल पडतात आणि शिंप आपोआप वासते. शिजविल्यावर जी उघडत नाही तीही टाकावी, हे आमच्या भगिनींस ठाऊक आहेच, बंधूंसाठी सांगितले.

रत्नागिरीतच एस. टी.वाल्यांची भाची राहते. पाच म्हातारे आणि तिसऱ्यांची पिशवी दारात पाहून ती माउली जराही डगमगली नाही. तिने पिशवी पाहिली, घड्याळ पाहिले आणि म्हणाली, "मामा, वाटण मी करते, भातही टाकते. पण उघडायच्या तुम्ही आणि तुमच्या मित्रांनी." घरातली एक विळी, शेजारच्या दोन आणि दोन सुऱ्या अशी शस्त्रे गोळा झाली. जमिनीवर वर्तमानपत्रे पसरून आम्ही बसलो. म्हणजे ज्यांचे गुडघे मानले ते बसलो, उरलेल्यांना पाट आणि स्टूल. शिंप हातात धरून तिची फट पात्यावर नेमकी टेकवावयाची आणि दाबावयाची. कमी दाबली तर उघडत नाही, अधिक दाबली तर शिंपेचे तुकडे मांसात जातात, आणि घसरली तर बोट. पहिल्या पंधरा मिनिटांत कंपाउंडरांचा जुना व्यवसाय दोनदा उपयोगी पडला. निम्म्या उरल्या तेव्हा भाचीने त्या अर्धा तास फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवल्या. त्याने सांधे ढिले पडतात, ही नव्या पिढीची युक्ती. जुनी माणसे याला काय म्हणतील ते म्हणोत, आम्हांला ती मान्य आहे.

दोन तासांत आम्ही पाच जणांनी सुमारे चारशे तिसऱ्या उघडल्या. म्हणजे माणशी ताशी चाळीस. भाची मध्येच येऊन बसली तर आमची एक होईपर्यंत तिच्या तीन होत. त्या वेळी गप्पा थांबल्या होत्या. टपालवाले मान वर न करता म्हणाले, "आमच्याकडे नऊ माणसे जेवायला असायची. आई एकटी उघडायची." बँकवाल्यांनी विचारले की त्या स्वतः कधी जेवत. टपालवाल्यांना आठवेना. ती शेवटी बसे, एवढे त्यांना आठवत होते, आणि तिच्या ताटात तिसऱ्या असत की नुसता रस्सा, हे त्यांनी कधी पाहिले नव्हते. आम्हीही पाहिले नव्हते. यावर कोणी अधिक बोलले नाही. विळ्यांचा आवाज चालू राहिला.

साडेतीन वाजता पाने वाढली. रश्श्याची चव कशी होती हे सांगण्यास आमचे व्याकरण अपुरे आहे. एस. टी.वाल्यांनी भाचीला आपल्याबरोबर पानावर बसविले आणि पहिली पळी तिच्या पानात घातली. एरवी हे गृहस्थ घरी पाण्याचा पेलाही स्वतः घेत नाहीत.

आता थोडे त्या वृद्ध बाईच्या प्रश्नाविषयी: मोठी व्हायला ठेवते कोण? पावसाळ्यात यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते, हे सर्वांस ठाऊक आहे. पण खाडीत हाताने वेचणाऱ्यांना अशी बंदी कोण घालणार, आणि का म्हणून घालावी? त्यांचे पोट त्या पाटीवर. त्यातच कोकणच्या खाड्यांतून वाळू उपसली जाते, आणि वाळूबरोबर तीत रुतून राहणाऱ्या जिवांचे घरच जाते. तरीही वाट निघते असे एक उदाहरण आमच्या वाचनात आले. केरळात कोल्लमनजीक अष्टमुडी नावाचे विस्तीर्ण सरोवर आहे, समुद्राला मिळालेले. तेथे तिसऱ्यांच्याच कुळातील शिंपल्या वेचून पुष्कळ कुटुंबे जगतात. १९९१ च्या सुमारास वर्षाला १०,००० टनांपर्यंत पोहोचलेले उत्पन्न अतोनात वेचणीमुळे दोनच वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आले. तेव्हा शास्त्रज्ञ आणि वेचणारे एकत्र बसले. डिसेंबर ते फेब्रुवारी हा प्रजननाचा काळ वेचणी बंद, जाळ्याचा आस ३० मिलिमीटर, म्हणजे बारीक शिंपली पुन्हा पाण्यात पडते, आणि यंत्राने उपसा नाही, असे नियम झाले व पाळले गेले. २०१४ साली या मासेमारीला मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल या आंतरराष्ट्रीय संस्थेचे प्रमाणपत्र मिळाले. भारतात ते मिळविणारी ही पहिलीच मासेमारी. तेथील महिने जसेच्या तसे आपल्या खाडीला लागू पडतील असे नाही. इकडच्या तिसरीचा प्रजननकाळ इकडच्याच पाण्यात पाहावा लागेल, आणि रत्नागिरीत त्यासाठी मत्स्य महाविद्यालय आहे. आपल्या हाती मात्र एक गोष्ट आजही आहे. बारीक तिसऱ्यांचा वाटा स्वस्त म्हणून उचलू नये, आणि मोठ्यांच्या वाट्यावर घासाघीस करू नये. बारीक वाटा विकला गेला नाही, तर ती वेचण्यासाठी कोणी कंबर मोडणार नाही.

राहता राहिला आजच्या पंक्तीचा प्रश्न. भोजन समितीने आम्हांस विचारले होते की एवढे गुणगान गाता, तर संमेलनात एकशिपीच का करू नये? आम्ही पाटीवर हिशेब मांडून दिला. पाने अडीचशे; पानाला तीस तिसऱ्या म्हटल्या तर ७,५०० तिसऱ्या. आमच्यासारख्या नवशिक्यांच्या ताशी चाळीस या गतीने १८७॥ तास. एस. टी.वाल्यांच्या भाचीच्या गतीने ६२॥ तास. समितीने हा कागद पाहून आज कोळंबीभात ठरविला आहे. पुढील संमेलनासाठी मात्र ज्या बंधूंची विळीवर बसण्याची तयारी असेल त्यांनी आपली नावे खजिनदारांकडे द्यावीत. 'बंधूंची' हा शब्द आम्ही विचारपूर्वक वापरला आहे. आतापर्यंत पाच नावे आली आहेत, आणि ती कोणाची ते आपण ओळखले असेलच.

पाने मांडल्याची खूण झाली आहे.