यंत्राचे तास आणि माणसाचे तास

(बुलढाणा जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील माती हलली ती घमेल्यांनी. पाझर तलावांच्या आणि रस्त्यांच्या कामांवर लाखो स्त्रीपुरुष कुदळ-फावडे घेऊन उतरले. त्या अनुभवातूनच रोजगार हमीचा कायदा आकाराला आला. १९७७ साली विधिमंडळाने तो संमत केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पुढे २०१८ साली याच बुलढाणा जिल्ह्यात तलावांतील व नाल्यांतील गाळ काढण्याची मोठी मोहीम झाली. भारतीय जैन संघटनेने तिच्यासाठी १३४ जेसीबी आणि पोकलेन यंत्रे पुरवली व डिझेलचा खर्च शासनाने उचलला. त्याच सुमारास मेहकर, लोणार, सिंदखेडराजा आणि देऊळगावराजा या तालुक्यांतून समृद्धी महामार्गाचे काम सुरू झाले. शंभर माणसांचे काम एका यंत्राच्या बकेटीत मावू लागले.

यंत्राला विरोध करावा असे येथे सुचवायचे नाही. उन्हातान्हात डोक्यावर घमेले वाहणे हे काही मानवी जीवनाचे ध्येय नव्हे. प्रश्न असा आहे की, शंभर हातांच्या जागी जे थोडे हात उरले त्यांचे काय झाले? चालकाचे हात निदान दिसतात. पण ज्याच्यावाचून ते यंत्र आठवडाभरही चालणार नाही, तो मेकॅनिक कोणाच्या हिशेबात आहे?

त्याचे काम काय असते हे कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले पाहिजे. वीस टनांच्या पोकलेनचा दणकट हात तेलाच्या दाबावर उचलला जातो. मोटारीच्या टायरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला दोन-अडीच किलो दाब असतो. या यंत्राच्या तेलात तो तीनशे किलोंच्याही वर जातो. होज पाइपला सुईच्या अग्राएवढे छिद्र पडले आणि ते शोधण्यासाठी मेकॅनिकने सवयीने त्यावरून हात फिरवला, तर तेल कातडी भेदून आत शिरते. बाहेरून जखम काटा रुतल्यासारखी दिसते. पण काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही, तर बोट किंवा हातही गमवावा लागतो. अशा जखमीला अकोल्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला पोहोचवायचे आहे, हे त्या माळावर कोणाला ठाऊक असते? हात न फिरवता पुठ्ठ्याचा तुकडा धरून गळती शोधावी, एवढी साधी गोष्ट प्राण राखते. परंतु ती कोणी शिकवलेली नसते.

दुसरा धोका वजनाचा. बकेट जमिनीवर टेकवून, इंजिन बंद करून, तेलातील दाब सोडून मगच होज उघडायचा असतो. उचललेल्या हाताखाली जायचे तर त्याला भक्कम आधार द्यायचा असतो. हे सारे करायला वेळ लागतो. आणि वेळ हीच तर या धंद्यातील सर्वांत महाग वस्तू आहे! यंत्र भाड्याने जाते ते तासावर. कर्जाचा हप्ता महिन्याला ठरलेला. पावसाळा तोंडावर आलेला. यंत्र उभे राहिले की मालकाचा फोन सुरू होतो. मग रात्री दोन वाजता, मोबाइलच्या उजेडात, आधार न देताच कोणीतरी बूमखाली शिरतो. अपघात झाला की त्याला निष्काळजीपणा म्हणतात. त्या घाईचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही.

प्रत्येक यंत्रावर तास मोजणारे एक मीटर असते. इतक्या तासांनी तेल बदलायचे, इतक्या तासांनी फिल्टर, इतक्या तासांनी पिन-बुश तपासायचे, हे पुस्तकात छापलेले असते आणि शहाणा मालक ते पाळतो, कारण न पाळल्यास यंत्र बसते. यंत्राला विमा असतो. त्याच्या घसाऱ्याची वजावट आयकरात मिळते. अर्थशास्त्रातील घसाऱ्याची कल्पना अगदी साधी आहे: जे वापरल्याने झिजते, त्याच्या झिजेची भरपाई उत्पन्नातून आधी बाजूला काढावी. मग पंचवीस वर्षे चेन आणि जॅक उचलून झिजलेल्या मणक्यांचा घसारा कोणत्या खात्यात पडतो? मेकॅनिकच्या अंगावर मीटर नाही. सलग किती तास तो जागा आहे, हे कोणत्याही वहीत लिहिलेले नसते.

कायदा नाही असेही नव्हे. बांधकाम कामगारांसाठी संसदेने १९९६ साली कायदा केला. बांधकाम खर्चावर उपकर बसला आणि त्यातून कल्याणकारी मंडळे उभी राहिली. तो कायदा पुढे २०२० च्या श्रमसंहितेत सामावला गेला आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती संहिता लागू झाली. कामगाराच्या व्याख्येत तांत्रिक काम करणाराही येतो. परंतु नोंदणीसाठी वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. मेकॅनिक आज मेहकरच्या साइटवर, उद्या नांदुऱ्याकडे. ठेकेदार म्हणतो, तो गॅरेजचा माणूस. गॅरेजवाला म्हणतो, तो साइटवर असतो. दोघांच्या मध्ये त्याचा हक्क गळून पडतो.

ही केवळ एका धंद्याची कथा नव्हे. २० ऑगस्ट २०२१ रोजी सिंदखेडराजा तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या कामावरील मजुरांना नेणारा टिपर उलटला आणि १३ मजूर मृत्युमुखी पडले. लोखंड वाहण्याच्या वाहनातून माणसे वाहिली जात होती. १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे त्याच महामार्गावर शहापूर तालुक्यात गर्डर बसवणारे महाकाय यंत्र कोसळले आणि २० जण गेले. महामार्गावरून आज गाड्या वेगाने धावतात, पण तो बांधताना जे गेले त्यांची आठवण त्या वेगात कोणाला होते?

तेव्हा करायचे काय? निषेधाचे ठराव पुष्कळ झाले. जिल्ह्यातील प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी, बाह्यवळण रस्त्यालगत, अशी गॅरेजे आहेत. कार्यकर्त्यांनी तेथे जावे आणि मेकॅनिक व त्यांच्या हाताखालच्या पोरांची यादी करावी. प्रत्येकाला एक वही द्यावी. तीत तारीख, साइट, ठेकेदार आणि कामाचे तास त्याने स्वतः लिहावेत. नव्वद दिवसांच्या दाखल्याचा आग्रह धरताना हीच वही हाती असेल. दुसरे, उस्तादाच्या हाताखाली शिकलेल्याची परीक्षा घेऊन औद्योगिक प्रशिक्षण संस्थेने त्याला प्रमाणपत्र द्यावे, ही मागणी लावून धरावी. ज्याच्याजवळ कागद नाही त्याला कितीही कौशल्य असले तरी बाजार हेल्परच समजतो. तिसरे, शासकीय कामाच्या ठेक्यातच अशी अट हवी की, रात्रीच्या दुरुस्तीला पुरेसा उजेड, दुसरा माणूस आणि बूमला आधार असल्याखेरीज काम होणार नाही.

या मागण्या लहान आहेत हे खरे. पण आठ तासांचा दिवस हीदेखील एके काळी घड्याळाविषयीची लहानशीच मागणी होती. यंत्राचे तास मोजायला मालकाला कोणी शिकवावे लागले नाही. त्याचा स्वार्थ त्याला शिकवतो. माणसाचे तास मोजायला मात्र संघटनाच लागते.