आर्किमिडीजच्या आरशांची अग्निपरीक्षा

सिराक्यूज नगराला रोमनांचा वेढा पडला असतां आर्किमिडीजनें आरशांनीं सूर्यकिरण एकवटून शत्रूचीं जहाजें जाळलीं, ही आख्यायिका सर्वश्रुत आहे. नगर पडलें तें इसवी सनापूर्वीं २१२ सालीं. पॉलिबिअस, लिव्ही आणि प्लुटार्क यांनीं त्याच्या यंत्रांचें वर्णन मोठ्या चवीनें केलें आहे. आरशांचा मात्र त्यांत पत्ता नाहीं. तरीहि गोष्ट मरत नाहीं! अशा चिवट गोष्टींना प्रयोगाच्या कसोटीस लावण्याचा उद्योग अमेरिकेंतील डिस्कव्हरी वाहिनीवर 'मिथबस्टर्स' या कार्यक्रमानें २००३ सालीं आरंभला, आणि आर्किमिडीजचा खटला त्यानें २००४, २००६ व २०१० असा तीनदां चालविला. तिन्ही वेळां निकाल एकच: गोष्ट खोटी. हा न्याय रास्त होता काय?

खटला पुनःपुन्हां उघडला, हें श्रेय प्रथम कार्यक्रमाच्या पदरीं घातलें पाहिजे. पहिला निकाल पुष्कळ प्रेक्षकांनीं मानला नाहीं. ऑक्टोबर २००५ मध्यें मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनीं एकेक फूट चौरस असे १२७ आरसे मांडून सुमारें १०० फुटांवरील ओकचें लांकूड पेटवून दाखविलें. प्रतिपक्षाचें तोंड न दाबतां कार्यक्रमानें त्यांनाच पाचारण केलें. सॅन फ्रान्सिस्को येथें पाण्यावरील जुन्या होडीवर पुन्हां प्रयोग झाला, तेव्हां १५० फुटांवरून लांकूड नुसतें धुमसलें. अंतर ७५ फुटांवर आणलें तेव्हां कोठें ज्वाला दिसली. २०१० सालीं तर अध्यक्ष ओबामा यांच्या सूचनेवरून पांचशे विद्यार्थ्यांच्या हातीं आरसे देण्यांत आले. लक्ष्याचें उष्णतामान सुमारें २३० अंश फॅरनहीटपलीकडे चढलें नाहीं.

येथेंच खरी गोम आहे. हातांत धरलेला आरसा थरथरतो. चौकटींत बसविलेला थरथरत नाहीं. मग अपयश किरणांचें कीं हातांचें? उलट पक्षाचा दाखलाहि निर्दोष नव्हे. १९७३ मध्यें ग्रीक इंजिनियर इओआनिस साक्कास यांनीं सुमारें सत्तर आरशांनीं ५० मीटरांच्या आसपास उभें केलेलें जहाज पाहतां पाहतां पेटविलें. पण तें प्लायवुडचें असून त्यास डांबर फासलेलें होतें. प्राचीन जहाजांनाहि राळ फाशीत असत, तेव्हां डांबर अगदींच अन्यायाचें म्हणतां येणार नाहीं. परंतु कोरडें प्लायवुड आणि समुद्रांत भिजलेली नौका यांत अंतर आहेच.

वास्तविक प्रश्न दोन होते. आरशांनीं लांकूड पेटतें काय, हा एक. आणि युद्धांत ही युक्ति साधेल काय, हा दुसरा. पहिल्याचें होकारार्थी उत्तर फ्रान्समध्यें बूफाँनें १७४७ सालींच देऊन ठेविलें होतें. दुसऱ्यास नकार देण्यास कार्यक्रमाजवळ सबळ कारणें होतीं: सिराक्यूजचा समुद्र पूर्वेस, म्हणून ऊन उपयोगी पडावयाचें तें सकाळींच, ढग आला कीं शस्त्र निकामी, शिवाय जहाज हलत असतां किरण एका जागीं ठरावयाचे कसे? जळते बाण हाताशीं असतां हा खटाटोप कोण करील? पण पडद्यावर दोन्ही प्रश्नांस मिळून एकच शिक्का मारण्यांत आला.

तिसऱ्या प्रयोगाच्या वेळीं सूत्रधारांपैकीं जेमी हाइनमन स्वतः होडीवर उभे होते. आग लागली नाहीं. मात्र आरशांच्या लखलखाटानें डोळे दिपून समोरचें दिसेना, आणि आरशांचा खरा उपयोग शत्रूचे डोळे दिपविण्याचा असावा, असें त्यांनीं बोलून दाखविलें. शिक्का 'खोटें' हाच राहिला.